हळदीआधी ग्लास

लग्नघरात नवरदेवाला आजारी पडता येत नाही. म्हणजे पडतो तो, पण कुणाला पटत नाही. ताप आला तर लग्नाची धास्ती, उलटी झाली तर मित्रांनी काहीतरी पाजलं असणार, पाय दुखले तर नाचला असेल, गप्प बसला तर लाजतोय आणि डोळे मिटायला लागला तर जागरण. माझ्या धाकट्या भावाला हे सगळं एकाच दिवशी झालं, आणि प्रत्येक गोष्टीला आमच्या घरात उत्तर तयार होतं. इतकी हुशार माणसं एका मांडवाखाली जमलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

आमचं घर दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागेला लागून. मी लग्नानंतर नाशकात राहते, बँकेत नोकरी करते. भाऊ शेंडेफळ. तो झाला तेव्हा मी शाळेत होते, त्याला कडेवर घेऊन मी पाढे पाठ केलेत. तो पुण्यात नोकरीला लागला, चार मित्रांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा, आणि लग्नासाठी दोन दिवस आधी घरी आला होता. वडील गेल्यापासून घरात थोरल्या काकांचा शब्द चालतो आणि काकांवर काकूचा.

त्या लग्नात मी करवली होते. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण, नटूनथटून, हातात नारळ ठेवलेला तांब्या घेऊन त्याच्या मागे मागे फिरणारी. हे काम खरं तर कोवळ्या पोरीचं. पण त्याला दुसरी बहीण नाही, म्हणून चाळिशी उलटलेली, गुडघे धरलेली मी हिरव्या शालूत तो तांब्या सांभाळत होते. त्या तांब्याला करा म्हणतात आणि तो खाली ठेवायचा नसतो, असं काकूने मला बजावलं होतं.

हळद सकाळी होती. मे महिना, मांडवातले पंखे गरम हवा ढकलत होते, आणि आमचा नवरदेव आत गोधडी घेऊन पडला होता. त्याला उठवून पाटावर बसवलं. बायकांनी गाणी सुरू केली. मी आंब्याच्या पानाने त्याच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला हळद लावली आणि मग हात हातात घेतला. हात माठाच्या बुडासारखा गार. कपाळ मात्र तापलेलं.

मी म्हटलं, "काकू, याचे हात बर्फ झालेत."

"व्हनारच. लगीन हाय त्याचं," काकू म्हणाली. "तुझ्या काकाचे तर पाय बी गार पडले व्हते."

बायका हसल्या. मीही हसले, कारण काकांचे पाय गार पडल्याचं चित्र मला आवडलं. नवरदेवाची उरलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, वाटीत काढून आमची माणसं जीपमधून कळवणला नवरीकडे घेऊन गेली. ती लागल्याशिवाय नवरीची हळद सुरू होत नाही.

दुपारपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली. पाय इतके दुखत होते की आईने दाबायला हात लावला तर तो ओरडला. हा पोरगा तसा ओरडणारा नाही. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडून हात मोडला तेव्हाही घरी येऊन आधी जेवला होता. श्वास भरभर चालला होता. आणि नडग्यांवर, हळदीच्या थराखाली, बारीक लालसर ठिपके दिसायला लागले.

"पित्त उठलं," काकूने निकाल दिला. "आमसूल आणा."

आमसुलं भिजवून त्याचं पाणी चोळण्यात आलं. आमसुलाचा रंग कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. आता भावाच्या पायांवर खाली खरे ठिपके, त्यावर हळद आणि हळदीवर जांभळट-लाल ओघळ, असा प्रकार झाला. मी तांब्या काखोटीला मारला आणि नाशिकच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्या मुलांची सगळी दुखणी त्यांनीच बरी केलेली. बाहेर डीजेवाला आवाज तपासत होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि त्यामुळे सगळं घर सल्लामसलतीला जमलं.

"अंगाचा रंग कसा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिवळा."

ते एकदम सावध झाले. "डोळेही पिवळे?"

"नाही हो. हळद लागलीय. नवरदेव आहे."

"बरं. आणि डाग?"

"जांभळे. पण ते आमसुलाचे. म्हणजे आमसुलाखाली हळद आहे आणि हळदीखाली डाग आहेत."

मग डॉक्टर म्हणाले, "आधी पाय धुवा."

यावर काकूने कपाळाला हात लावला. लागलेली हळद लग्नाच्या आंघोळीआधी धुवायची म्हणजे अपशकुन. मांडवात कुजबुज सुरू झाली. शेवटी काका पुढे आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पंचासारखा निवाडा केला, "एकच नडगी पुसा." मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओलं फडकं घेऊन डावी नडगी पुसली. दुसरी वादात नको म्हणून तशीच ठेवली.

"आता एक काचेचा ग्लास घ्या," डॉक्टर म्हणाले. "डागावर दाबा. साधं पुरळ असेल तर दाबल्यावर विरतं. काचेतून डाग तसाच दिसत राहिला तर मला लगेच सांगा."

आमच्या घरात त्या दिवशी किती ग्लास होते हे देवालाच माहीत. सगळे स्टीलचे. कुणाकुणाच्या लग्नातले, वास्तुशांतीतले, प्रत्येकावर 'सप्रेम भेट' कोरलेलं. आचाऱ्याकडे कागदी कप. चहाचे कप चिनीमातीचे. मी स्वयंपाकघरातलं फडताळ उपसत होते आणि मागे बायका आरपार दिसणारं भांडं म्हणून एकेक वस्तू पुढे करत होत्या. एकीने मिक्सरचं झाकण दिलं. दुसरीने कंदिलाची काच आणली, ती बाकदार होती. तेवढ्यात मला आठवलं की आईच्या लोखंडी कपाटात लेमन सेट आहे.

लेमन सेट म्हणजे एक जग आणि सहा ग्लास, खोक्यात. आमच्या भावकीत तो कुणी वापरत नाही. एका लग्नात येतो, दुसऱ्या लग्नात जातो. हा सेट आमच्याकडे तिसऱ्यांदा आला होता, खोक्याच्या कोपऱ्यावरच्या मेणाच्या डागावरून मी तो ओळखायची. मी तो काढला तशी काकू दारात आडवी झाली.

"तो विहीणबाईला द्यायचा हाय."

"काकू, बाजूला व्हा."

"अगं, खोकं फाटलं तर देता येत नाय ते."

मी खोकं फाडलं. मुद्दाम, मधोमध. इतक्या वर्षांत बिचाऱ्या ग्लासांनी पहिल्यांदा उजेड पाहिला, आणि निघाले ते कसे, तर सगळीकडून गुलाबाची फुलं छापलेले. कुठेही दाबा, गुलाबच. मी भावाच्या पायाशी बसून ग्लास फिरवत राहिले आणि शेवटी दोन पानांच्या मधे बोटभर मोकळी काच सापडली. ती आधी माझ्या मनगटावर डास चावला होता तिथे दाबून पाहिली. लाली गेली. मग त्याच्या नडगीवर दाबली.

डाग जसेच्या तसे. मी जोर लावला. तसेच. शिवाय मी ग्लास शोधत होते तेवढ्या वेळात गुडघ्यापाशी दोन नवे डाग आले होते, मोठे, शाई सांडल्यासारखे, आणि पुसलेल्या जागी मगाशी ते नव्हते हे मला पक्कं माहीत होतं. हळद, आमसूल, काकू, सगळ्याचा राग एका क्षणात उतरला आणि नुसती भीती राहिली.

डॉक्टरांचा आवाज बदलला. रक्तात जंतू शिरले असावेत, ते म्हणाले, आणि यात तास मोजायचे नसतात, ताबडतोब निघा. दिंडोरीत त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते; पहिलं इंजेक्शन वाटेत तिथे घ्या, पण तिथे थांबू नका, थेट नाशकात या.

"डॉक्टर, मान तर वळती त्याची," काका फोनकडे वाकून म्हणाले. "मेंदूज्वरात मान वळत नाय, मला ठाऊक हाय."

"हे जंतू मेंदूशी जाण्याआधी रक्तातच गोंधळ घालू शकतात, काका. मान बघत बसू नका."

मग खरा प्रश्न निघाला. हळद लागलेल्या नवरदेवाने लग्नाआधी गावची वेस ओलांडायची नसते. बाहेरची बाधा होते. काकांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, आणि मी अगदी शांतपणे म्हटलं की मग वेशीच्या आत दवाखाना बांधायला घ्या, मी वाट बघते. पुढचं मी शांतपणे बोलले नाही. काय बोलले ते अजून भावकीत सांगतात, मी इथे लिहीत नाही.

तोवर एक शब्दही न बोललेली आई उठली. नवरदेवाबरोबर ठेवायची कट्यार, टोकाला लिंबू खोचलेली, देवघरापाशी होती. ती तिने आणून भावाच्या हातात दिली. त्याला ती धरवेना, म्हणून तिने त्याच्या बोटांवर स्वतःची बोटं आवळली.

"कट्यार हाय, लिंबू हाय, करवली बरोबर हाय," ती म्हणाली. "आता कशाची बाधा? उचला त्याला."

तिला कुणी अडवलं नाही. काकाच पुढे झाले आणि त्याला उचलून गाडीत ठेवलं.

गाडी मांडवाबाहेर आली आणि बँडवाले सावलीत पत्ते खेळत होते ते धडपडत उठले. नवरदेव निघाला, म्हणजे वाजवायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. गाडीपुढे पोरं नाचायला लागली. मी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला, तर एकाने माझ्यावरून नोट ओवाळून बँडवाल्याला दिली. मारुतीच्या देवळापाशी ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली, कारण नवरदेव नारळ फोडल्याशिवाय पुढे जात नाही. मी काही बोलायच्या आत पुढे बसलेल्या काकांनी माझ्या तांब्यावरचा नारळ उचलला आणि चालत्या गाडीतून पायरीच्या दिशेने फेकला.

"फुटला समज," ते म्हणाले. "दाब रे गाडी."

त्या क्षणी मला काका फार आवडले.

इंजेक्शन घेऊन आम्ही नाशकात पोहोचलो तोपर्यंत भाऊ हाकेला ओ देत नव्हता. हॉस्पिटलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने आमची वरात अडवली. हत्यार आत नेता येणार नाही. आई कट्यार सोडेना. बराच विचार करून तो म्हणाला, "कट्यार इथे ठेवा, लिंबू आत न्या." आईला ते पटलं. आत एका तरुण डॉक्टरने स्ट्रेचरकडे नजर टाकली आणि नर्सला म्हणाला, "कावीळ, फारच वाढलेली." मी हळदीचं सांगितलं. तेच दुसऱ्याला सांगितलं, मग तिसऱ्याला. शेवटी मी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडले की हा माणूस कच्च्या हळदीने पिवळा आहे, आतून जांभळा होतोय, ग्लास लावून बघितलंय. मी गुलाबाचा ग्लास बरोबर आणला होता. तो उंच धरला.

आमचे डॉक्टर धावत आले, म्हणून पुढचं समजावून सांगायला कुणीतरी मिळालं. त्या जंतूचं नाव त्यांनी मला लिहून दिलं, मेनिंगोकॉकस. काकांना ते कधीच जमलं नाही, ते त्याला 'तो' म्हणायचे. त्याने रक्तदाब पाडला होता. गार हात, भरभर श्वास, पायदुखी, गुंगी, हे सगळे त्याचेच निरोप होते. रक्त बारीक नसांमध्ये साकळत होतं, म्हणून डाग. मूत्रपिंडं काम सोडत होती. पायाची बोटं काळी पडायला लागली होती. जगेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. हे उत्तर नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं.

अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही दिवसचे दिवस बसलो, लग्नाच्याच कपड्यांत पहिला दिवस, मग घरून आणलेल्या. नर्सने आत त्याची सगळी हळद पुसली हे कळल्यावर काका अस्वस्थ झाले. त्यांनी तिला गाठून विचारलं, "बाई, तुम्ही सवाष्ण हाय ना?" ती म्हणाली, हो, दोन मुलं आहेत. "मग हरकत नाय," काका म्हणाले आणि त्यांना त्या रात्री झोप लागली.

त्याच्याजवळ राहिलेल्या सगळ्यांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या. पुण्याच्या मित्रांनाही कळवलं. मंगलाष्टकांच्या ठरलेल्या वेळेला नवरी आईवडिलांबरोबर हॉस्पिटलात आली, हातभर मेंदी, अंगाला आमच्याकडचीच उष्टी हळद. तिच्या वडिलांनी विचारलं की हा रोग हळदीतून जातो का. डॉक्टर म्हणाले, नाही, हळदीतून नाही. अगदी जवळचा संबंध लागतो, श्वासाचा, लाळेचा. तुमची मुलगी काही त्याच्या घरात राहत नाही, तिला गोळीची गरज नाही.

"मला द्या गोळी," नवरी म्हणाली.

"अगं, पण ते म्हणतात ना, जवळचा संबंध..."

"पप्पा, मागच्या आठवड्यात आमचं फोटोशूट होतं."

तिचे वडील फरशी बघायला लागले. काका छताकडे. काकू पदराने वारा घेऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी तिच्या हातावर ठेवली.

त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण गावाकडे ते कुणी ध्यानात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एका चुलत्याचा फोन आला की त्याची हळद आतून उतरतीय. मी संडासच्या दाराशी उभी राहून इतकी हसले की रडायला लागले, आणि मग ते रडणं थांबेना. पांढऱ्या रुमालाने डोळे पुसले तर रुमालावर पिवळट डाग पडले. गोळ्यांमुळे, हे माहीत होतं मला. तरी तो रुमाल मी कितीतरी वेळ बघत बसले. माझा भाऊ मरतोय आणि मला अश्रूसुद्धा हळदीचे येतायत, असं मनात आलं.

तो मेला नाही. एका सकाळी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, डीजे बंद केला का?" आई तिथल्या तिथे खाली बसली. आम्हाला वाटलं शुद्धीवर आला, गंमत करतोय. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, हे चार दिवसांनी कळलं. मूत्रपिंडं हळूहळू रुळावर आली. डाव्या पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली.

नवरीच्या घरच्यांनी थांबूया, बघूया, असं सुरू केलं होतं. तिने त्यांना सांगितलं, "मी गोळ्या खाल्ल्यात." याचा नेमका काय अर्थ लावायचा ते कुणाला कळलं नाही, पण त्यावर बोलायचं धैर्यही कुणाला झालं नाही.

पुढच्या लग्नसराईत पुन्हा मांडव पडला. नवरीचा भाऊ कानपिळीला उभा राहिला, जावयाचा कान पिळून मानपान घ्यायचा म्हणून, आणि घाबरून हात मागे घेतला. आमच्या नवरदेवाने डावा कान पुढे केला. "हा घे. हा तसाही रिकामाच आहे," तो म्हणाला. सगळे हसले. त्याची बायकोही हसली, पण तिने डोळे पुसले ते मी पाहिलं.

पण त्याच्याही आधी, हळदीला, मी पान हळदीत बुडवलं आणि त्याच्या डाव्या पायाशी येऊन थबकले. जिथे बोटं नव्हती तिथे काय लावायचं कळेना. तो खाली वाकून म्हणाला, "ताई, तेवढी हळद वाचली तुझी." मी पान टाकलं, पिशवीतून गुलाबाचा ग्लास काढला आणि सगळ्यांसमोर त्याच्या नडगीवर दाबला. डास चावला होता तिथे. लाली विरली. मग मी हळद लावली.

काकू बघत होती. पुढच्याच महिन्यात चुलत पुतण्याच्या हळदीला मी आपली खुर्चीत बसले होते, तर तिने बायकांची गाणी थांबवली. "थांबा. ग्लास कुठंय? आधी ग्लास लावा." तेव्हापासून आमच्या भावकीत हळदीआधी नवरदेवाच्या नडगीला काचेचा ग्लास लावतात. लेमन सेट आता पाचच ग्लासांचा, तो कुठे जात नाही, आणि सहावा माझ्याकडे असतो. करवलीने तो लावायचा, उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेचं काकूने नंतर घातलं. व्याही मंडळींना वाटतं हा आमचा कुळाचार आहे. एका भटजीने तर ग्लास लावताना मंत्रही म्हटला.

मी रीतिरिवाजांना नावं ठेवण्यात आयुष्य घालवलं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ग्लास मी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. पोरं खिदळत असतात, डीजे चालू असतो, मी गुडघे धरत खाली बसते आणि दोन पानांमधली मोकळी काच शोधून त्या नडगीवर दाबते. कातडी पांढरी होईपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. मग मी काकूकडे बघून मान हलवते, आणि ती बायकांना म्हणते, चला, लावा आता हळद.